मावशीला पांढरीच अंडी हवी होती

सकाळी चहाचं आधण ठेवण्याआधी मावशी खिडकीशी जाऊन एक सुई ओवायची. शिवायचं काही नसायचं. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायचं, दोन बोटांत चपटं करायचं आणि एका फटक्यात सुईच्या नेढ्यातून पार. मग ती ओवलेली सुई सुया ठेवायच्या छोट्या कापसाच्या गादीत खोचून म्हणायची, "चला, उजाडलं." त्यानंतर शेगडी पेटायची.

चाळीस वर्षं तिनं काजं केली. गल्लीत पाच शिंपी होते, पण कोटाचं काज कुणीच आपल्या दुकानात करत नसे. कोट शिवून झाला की तो मावशीकडे यायचा, बटणाची भोकं पाडून आणि त्यांच्या कडा रेशमी दोऱ्यानं बांधून परत जायचा. लग्नसमारंभात सगळे नवरीकडे बघायचे, तेव्हा मावशी नवऱ्याच्या छातीवर नजर रोखून असायची. "दुसरं काज माझं नाही," ती माझ्या आईच्या कानात सांगायची, "शिंप्यानं स्वतःच उरकलंय मेल्यानं." नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. दोन खोल्या आणि मागचं अंगण तिनं एकटीच्या कमाईवर घेतलं. "लोक विटा रचून घर बांधतात, मी भोकं पाडून बांधलं," असं ती पाहुण्यांना हमखास ऐकवायची.

काम सोडल्यावर तिनं अंगणात सहा कोंबड्या पाळल्या. तांबड्या, तांबडीच अंडी देणाऱ्या. निम्मी अंडी कोपऱ्यावरच्या बेकरीत जायची, बाकीची गल्लीत. कोण कधी आजारी आहे, कुणाकडे पाहुणे आलेत, हे तिला अंड्यांवरून कळायचं.

मग अंडी फुटायला लागली. आज एक, परवा दोन. "बोका येतो," मावशी म्हणाली.

मावशीचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, सायकली दुरुस्त करतो. त्याचं घर चार गल्ल्या पलीकडे. बोक्याचं नाव ऐकताच त्यानं जुन्या सायकलींच्या तारांचा एक पिंजरा तयार केला आणि अंगणात मांडला. दुसऱ्या दिवशी त्यात बेकरीवाल्याची लाडकी मांजरी सापडली. बेकरीवाला चार दिवस मामाशी बोलला नाही, आणि मावशीला पाव देताना आदल्या दिवशीचा देऊ लागला.

"ताई, हे व्याप कशाला?" मामा म्हणाला. "वरची खोली तुझ्यासाठीच तर बांधलीय. चल तिकडे."

"मला वर जायची एवढी घाई नाही."

हा संवाद दर रविवारी व्हायचा. मामा हट्टाला पेटला की ऐकत नसे, हे मावशीला ठाऊक होतं. तो फक्त एखाद्या बऱ्याशा कारणाची वाट बघत होता.

एके दिवशी मावशीनं गल्लीत जाहीर केलं की या कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या, आता नव्या घेणार, आणि त्या पांढरी अंडी देणाऱ्याच हव्यात.

"या वयात गोरेपणाचं काय वेड लागलं?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"पांढरं अंडं लवकर उकडतं."

शिंप्याच्या बायकोला तिनं सांगितलं की पांढऱ्याचं कवच सोलायला सोपं. मामीला सांगितलं की टोपलीत शोभून दिसतं. कारणं तीन, आणि तिन्ही खोटी. मावशी इतकं वाईट खोटं बोलायची की ऐकणाऱ्याला तिची दया यावी.

मी तेव्हा परीक्षेच्या अभ्यासासाठी तिच्याकडे राहत होते. एका सकाळी मला कापसाच्या गादीत बिनदोऱ्याची सुई दिसली. शेजारी दोरा नुसताच पडला होता, त्याचं टोक ओलं होतं, चिमटून चिमटून पिंजलेलं. "चला, उजाडलं," असं मावशी रोजच्यासारखंच म्हणाली होती. ती टोपली घेऊन मागे गेली तेव्हा मी तिच्या मागोमाग गेले.

ती खुराड्यात वाकून दोन्ही हातांनी तूस चाचपत होती. कोंबड्या अंड्यांसाठी ठेवलेल्या लाकडी पेटीत थोडी अंडी घालत आणि मनाला येईल तशी थोडी बाहेर, जमिनीवरच्या तुसात. असं एक अंडं तिच्या पायापासून चार बोटांवर होतं. मी ओरडेपर्यंत तिनं पाऊल उचललं. कच्च असा आवाज झाला.

मावशी जराही हलली नाही. "बोका," ती म्हणाली.

"मावशी, बोका चप्पल घालतो?"

तिला हसू आवरेना. हसता हसताच ती पालथ्या बादलीवर बसली आणि तिनं मला सगळं सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ती एकटीच जाऊन आली होती. नजरेच्या मधोमध डाग पडला होता, तो जाणार नव्हता. कडेनं दिसत होतं, ते दिसत राहणार होतं. "आता तुझ्याकडे सरळ बघितलं ना, तर तुझं नाक-तोंड गायब. कान तेवढे दिसतात. बरे आहेत कान."

"मग पांढरी अंडी..."

"तुसात तांबडं अंडं म्हणजे मातीत माती. बेकरीत परवा कुणीतरी पांढरी अंडी आणून ठेवली होती, ती मला दारातून दिसली. मोजता आली." तिनं थांबून चपलेचा तळ बादलीच्या कडेला पुसला. "पेटीत काळं फडकं घालून बघितलं. या बयांनी ते ओढून बाहेर टाकलं. फडक्याला ऐकत नाहीत, तेव्हा कोंबडीच बदलायला हवी. आणि हे मामाला कळता कामा नये. कळलं तर उद्या दारात टेम्पो उभा राहील. खुराडं मोडेल, गादी-पेटी उचलेल आणि मला त्या वरच्या खोलीत नेऊन ठेवेल."

मी शपथ घेतली.

गुरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडर बाईंना आम्ही गाठलं. त्यांनी औषधाच्या खोक्यावर बसूनच शिकवणी घेतली. "काकू, पिसांवर जाऊ नका. कानाच्या पाळीकडे बघा. कोंबडीलाही पाळी असते, तुऱ्याच्या खाली, चपटी. ती पांढरी असली तर अंडं बहुतेक पांढरं, लाल असली तर बहुतेक तांबडं. अपवाद आहेत, पण तुम्हाला कशाला हवेत अपवाद? लेगहॉर्न घ्या, नाहीतर मिनोर्का."

"स्वभावानं कशा?"

"लेगहॉर्न म्हणजे कानात वारं शिरलेली. भिंतीवर काय, छपरावर काय. पण अंडी भरपूर, आणि खुडूक बसणं तिला माहीतच नाही. मिनोर्का काळी, अंगानं भारी, अंडं मोठं."

मावशीनं घरी येईपर्यंत दोन्ही नावं पाठ केली. पण मामा आमच्याहून चलाख निघाला. ताईला पांढरी अंडी हवीत एवढंच त्याच्या कानावर गेलं होतं. शनिवारी तो सायकलला खोकी बांधून हजर झाला. त्यात सहा कोंबड्या होत्या, अंगावर एक काळं पीस नाही, अगदी धुतल्यासारख्या. तांबड्या सहाच्या सहा त्यानं परस्पर त्यांच्या बदल्यात देऊनही टाकल्या.

"पांढरी कोंबडी, पांढरं अंडं," मामा म्हणाला. "यात विचारायचं काय असतं कुणाला?"

मावशीनं मला बाजूला घेतलं. "कान बघ गं त्यांचे."

मी एकेकीला धरून बघितलं. "लाल. सगळ्यांचे."

"वाटलंच."

पण बोलणार काय? भावानं एवढ्या मायेनं आणलेलं. नको म्हणायचं तर कारण द्यावं लागणार, आणि खरं कारण देता येत नव्हतं. मावशी म्हणाली, "छान आहेत हो. गरीब दिसतात." गरीब होत्याच. अंगणात पाहुण्या बायकांसारख्या बसून राहायच्या आणि तीन आठवड्यांनी त्यांनी अंडी द्यायला सुरुवात केली. मस्त, गोल, चहाच्या रंगाची.

बेकरीवाल्यानं सगळ्या गल्लीला बोलावून टोपली दाखवली. "सायकलवाल्यानं पांढऱ्या कोंबड्यांना चहा पाजला!" मांजरीचा सूड पुरा झाला.

मामाच्या जिव्हारी लागलं. रविवारी तो तावातावानं आला. "एकही पांढरं नाही? मला बघू दे." आणि बादलीवर जाऊन बसला. मावशी खुराड्यात शिरली, चाचपून चाचपून तीन अंडी घेऊन बाहेर आली.

"तीनच? मघापासून अंडं घालून पाच जणी ओरडून गेल्या."

"नुसत्याच ओरडतात. बोलण्यात पुढे, तुझ्यासारख्या."

मामा उठून आत गेला. पेटीच्या अगदी मधोमध दोन अंडी होती. लपलेली नाहीत, तुसाखाली नाहीत, उघड्यावर. ती हातात घेऊन तो बाहेर आला आणि मावशीसमोर उभा राहिला. तळहात पुढे केला. मावशीनं मान जराशी वळवली आणि तिरपं बघितलं. मामानं तिची ती मान बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मी कोंबड्यांकडे बघितलं.

"ताई, बोका नव्हताच ना?"

"नव्हता."

मामानं हातातली दोन्ही अंडी टोपलीत ठेवली. मग एकदम म्हणाला, "म्हणजे मी त्या बिचाऱ्या मांजरीला रात्रभर उगाच कोंडलं?"

मावशी हसली, पण मामा हसला नाही. "आता तरी चल. वरची खोली..."

"नको. ऐक. इथं मला पावलं पाठ आहेत. शेगडीपासून दार सहा, दारापासून खुराडं अकरा. तुझ्याकडे मी चांगली राहीन रे, तुझी बायको जीव लावेल, सगळं हातात देईल. तेच तर. हातात मिळालं की मी खुर्चीतून उठणार कशाला?"

मामा चहा न घेता गेला. असं तो कधी करत नसे. पुढचे तीन दिवस मावशी कपाटं आवरत होती. मी विचारलं तर म्हणाली, "न्यायचंच असेल तर काय न्यायचं ते मी ठरवीन, तो नाही."

गुरुवारी दुपारी दारात टेम्पो थांबला.

मावशी बसल्या जागेवरून उठली नाही. बाहेर मामाचा आवाज, मागचं फळकुट पडल्याचा आवाज आणि मग कलकलाट. मामा दोन मोठी खोकी घेऊन थेट अंगणात गेला. पाठोपाठ कंपाउंडर बाई, घामाघूम.

"काकू, तुमच्या भावाला आवरा," त्या म्हणाल्या. "पोल्ट्रीवाल्याच्या चाळीस कोंबड्यांचे कान तपासले यांनी. तो विचारत होता, डॉक्टर कानाचे का?"

"एकदा फसलो," मामा म्हणाला. "ताई, यात काळ्या मिनोर्का सहा, त्यात पांढऱ्या लेगहॉर्न सहा. सगळ्या तलंगा आहेत, महिन्याभरात अंड्यावर येतील. कान सगळ्यांचे खडूसारखे. आवडतील त्या ठेव, उरलेल्या परत. माझं मत विचारशील तर काळ्या घे. बाईंनी अंडं दाखवलं, बटाट्याएवढं."

मावशी दारात येऊन उभी राहिली. ती म्हणाली, "आधी काळ्या सोड."

काळ्या तलंगा रुबाबात बाहेर पडल्या आणि लिंबाच्या झाडाखाली गेल्या. मावशी अकरा पावलं चालून गेली. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. "आहेत का गेल्या?"

"तुझ्या पायाशीच आहेत," मी म्हणाले.

"सावली आणि कोंबडी एकच दिसतेय मला. अंडं दिसेल, पण घालणारी नको का दिसायला? आता त्या सोड."

लेगहॉर्न बाहेर पडल्या नाहीत, उडाल्याच. एक भिंतीवर, एक खुराड्याच्या छपरावर, एक मामाच्या खांद्याला पंख मारून थेट कपड्यांच्या दोरीवर. मावशी मान तिरपी करून एकेकीवर बोट ठेवत होती. "ही एक. ती दोन, भिंतीवर. तीन, चार जोडीनं. पाच दोरीवर. आणि सहावी... सहावी बेकरीच्या पत्र्यावर!"

"सहावी मला नव्हती दिसली," मामा म्हणाला. आणि भिंतीवरच्या कोंबडीकडे बघून पुढे म्हणाला, "ताई, ती पण तुझ्यासारखीच बघते गं. मान वाकडी करून, एका डोळ्यानं."

"मग जमेल आमचं. याच ठेव."

"दिवसभर पळवतील तुला."

"पळू देत. दिसताहेत ना."

सहावीला उतरवायला बेकरीवाल्यानंच शिडी दिली, हे इथं सांगायला हवं. मामानं दोन दिवस खपून कुंपणाला आणखी चार हात जाळी चढवली. तांबडी अंडी देणाऱ्या पांढऱ्या कोंबड्या तो स्वतःच्या घरी घेऊन गेला. जागा कुठं होती? अखेर वरच्या खोलीत त्याच राहायला गेल्या. मामी अजून ते पुराण काढते.

पहिलं अंडं पाचव्या आठवड्यात आलं. मावशी दारातच थांबली, हातातली टोपली मला दिली आणि एकही पाऊल न टाकता म्हणाली, "पेटीच्या बाहेर, डावीकडे, पाण्याच्या भांड्याजवळ." तिथंच होतं. ते तिनं उकडलं नाही, विकलंही नाही. तीन दिवस कपाटावर ठेवलं, मग मामाला ऑम्लेट करून घातलं.

त्यानंतर मावशी आठ वर्षं त्या घरात राहिली. दोनदा कळप बदलला. दोन्ही वेळा मामा कान बघायला बरोबर होता, आणि त्याच्या तोंडून खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही. अंडं पायाखाली गेलंच नाही असं नाही. वर्षाकाठी एखादं जायचं, आणि त्या दिवशी मावशी बेकरीवाल्याच्या मांजरीला दूध घालायची, दंड म्हणून.

शेवटची मी तिच्याकडे गेले ती संध्याकाळ इतर संध्याकाळींसारखीच होती. ती मटार सोलत बसली होती, दाणे भांड्यात आणि साली मांडीवर. मला कामावर परत जायचं होतं. तिनं मला सहा अंडी कागदात गुंडाळून दिली. मी उंबऱ्याशी पोचले आणि सवयीनं बाहेरच्या कडीला हात घातला. कडीचा आवाज ऐकून ती आतूनच म्हणाली,

"कडी नको गं लावूस. नुसतं ओढून घे दार. मी आहे घरात."