मास्तरांच्या बायबलातला फोटो

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. योहान मास्तर गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात मुलाकडे होतो. दुःख नंतर आलं, आधी भीती वाटली. खरं काय ते जाणणारा आता मी एकटाच उरलो होतो.

आष्ट्याजवळच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत मास्तर दृढीकरणाच्या, म्हणजे वयात येताना विश्वास पक्का करण्याच्या विधीच्या, मुलांचा वर्ग घेत. कवठे महांकाळकडचे, धनगराच्या घरातले, शांत गृहस्थ. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघे, तरी देव एकच, हे पोरांना कसं सांगावं यावर ते अडले होते. मी पलटणीतून निवृत्त झालेलो, अंगात रुबाब. म्हटलं, "त्यात काय अवघड? मी आईचा लेक, बाळूचा बाप, पलटणीत हवालदार. माणूस एकच." त्यांना ते पटलं. बाळू लहान असताना काढलेला आई, तो आणि वर्दीतला मी असा एक फोटो होता. त्याच्यामागे हेच वाक्य लिहून मी तो मास्तरांना वर्गात दाखवायला दिला.

वर्गात एका मुलीनं विचारलं, "मग मास्तर, मरणाच्या आदल्या दिवशी गेथशेमाने बागेत येशू रडून प्रार्थना करत हुता, ती कुणाला? समोर कुणीच नव्हतं व्हय?" मास्तरांनी पुन्हा तोच फोटो पुढे केला. समोर ऐकणारं कुणीच नाही या विचारानं पोरगी घाबरली. घरी प्रार्थनेला बसेना. तिचे वडील पाळकांकडे, चर्चच्या धर्मगुरूंकडे, गेले.

मंडळीच्या पंचांची बैठक बसली. मीही पंच. पाळक म्हणाले, "एकाच देवाची तीन सोंगं, ही आपली शिकवण नाही. पुत्र पित्याशी बोलतो, स्वतःशी नाही. कुणी सांगितलं तुम्हाला हे?" मास्तरांपुढे त्यांचं बायबल होतं आणि त्यातून फोटोचा पांढरा कोपरा बाहेर डोकावत होता. त्याच महिन्यात बाळूचं लग्न त्या चर्चमध्ये लागायचं होतं. माझं नाव निघालं तर ते अडेल, असं वाटलं. मास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, बायबलवर हात ठेवला आणि म्हणाले, "माझंच डोकं." त्यांचा वर्ग काढून घेण्याच्या ठरावावर मी सही केली.

त्यानंतर ते मागच्या बाकावर बसत. भेटले की म्हणत, "काय हवालदार, आज कोण म्हणून आलाय? लेक, बाप का पंच?" एवढाच टोमणा. मी हसायचो. पण त्या मुलीचा प्रश्न माझ्या घरात शिरला होता. प्रार्थनेला डोळे मिटले की वाटे, समोर खरंच कुणी नसेल तर… आणि असेल, तर त्यानं ती सही पाहिली आहे.

शेवटची भेट विश्रामबागेतल्या दवाखान्यात झाली. माझा हात घट्ट धरून म्हणाले, "हवालदार, लय भ्या वाटतंय वो."

"मलाबी," मी म्हणालो.

"तुमाला काय धाड भरलीया?" ते हसले, खोकले. मग थांबत थांबत बोलू लागले. "त्या पोरीचं उत्तर आता गावलं… वाचा जाती, तवा आतनं कुणीतरी प्रार्थना करतंय. शेजारी येशू बसलाय, त्यो बागेतल्यावानी असाच भ्यालेला. आन् वर बाप ऐकतोय. तिघं हायती आन् देव एकच. कसं, त्ये मला अजून न्हाई कळलं. पर बागेत त्यो एकटा नव्हता."

"मग भ्या गेलं?"

"न्हाई. भ्या हाय. पर एकटं न्हाई वाटत."

मी म्हणालो, "मास्तर, त्या बैठकीत…"

"बोला की."

त्यांचे डोळे माझ्यावर लागले होते. खोलीत आम्ही दोघंच होतो. "साताऱ्याची एसटी चुकंल," मी म्हणालो, आणि पिशवी उचलून निघालो.

गेल्या आठवड्यात त्यांच्या पत्नी मार्थावहिनींनी ते बायबल मला दिलं. "तुम्हालाच द्यायला सांगितलं होतं," म्हणाल्या. गेथशेमानेच्या पानात फोटो तसाच होता. मागे माझं अक्षर, शाई जरा फिकट झालेली. आता सकाळी मी ते पान उघडून बसतो. डोळे मिटायला अजूनही भीती वाटते. तरी मिटतो, आणि विश्रामबागेत जे तोंडातून निघालं नाही ते म्हणून पाहतो… मास्तर, ते वाक्य माझं होतं. मी भ्यालो. मला माफ करा.