दादांचा सेल्फ, काकाचा पंप

आमचा ट्रॅक्टर तीन ठिकाणी राहायचा. धूड शेताच्या बांधावर कडुलिंबाखाली, सेल्फ माझ्या वडिलांच्या बाजेखाली गोणपाटात आणि डिझेलचा पंप काकाच्या बाजेखाली पत्र्याच्या डब्यात. सेल्फ म्हणजे चावी फिरवली की इंजिनाला झोपेतून उठवणारी मोटर, आणि पंप म्हणजे त्याच्या घशात डिझेलचा घोट सोडणारं यंत्र. ही दोन्ही एकत्र आल्याशिवाय ट्रॅक्टर धड चालणार नव्हता आणि दोन्ही भाऊ एकत्र यायला तयार नव्हते. कुणाच्या घरी एवढी ऐसपैस मालमत्ता असेल तर मला दाखवा!

झालं होतं ते असं. वाटणीत जमीन निम्मी-निम्मी झाली, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या. ट्रॅक्टर काही करवतीनं कापता येत नव्हता, म्हणून त्याच्याही पाळ्या ठरल्या. पहिल्याच पेरणीला पाळी कुणाची यावरून वाजलं. वडिलांनी, म्हणजे दादांनी (काका त्यांना दादा म्हणायचा म्हणून आम्ही पोरंही दादाच म्हणायचो), रागारागात सेल्फ खोलून घरी नेला. आता कर चालू! काका काय कमी? त्यानं चार गडी लावले, ट्रॅक्टर उतारावरनं ढकलत चालू केला, आपलं सगळं रान पेरलं, पुन्हा जागेवर आणून लावला आणि दादांनी हीच युक्ती करू नये म्हणून पंप काढून घेतला. तेव्हापासून दोघंही भाड्याचा ट्रॅक्टर बोलवायला लागले आणि एकमेकांशी बोलायचे बंद झाले. भावकीतल्या लग्नांत एकाच पंगतीत, पाठीला पाठ लावून जेवायचे. एकाला मठ्ठा हवा असला की दुसरा मठ्ठ्याला नको म्हणायचा.

मला मात्र त्या ट्रॅक्टरची आठवण यायची ती त्याच्या आवाजासाठी. तीन पिस्टनचं इंजिन, डुग-डुग-डुग चालायचं, आणि मग मध्येच एक उचकी. एवढ्या ट्रॅक्टरांत उचकी देणारा आमचाच. ओढ्याच्या वळणावर ती उचकी ऐकू आली की आई तव्यावर भाकरी टाकायची. दादा दारात हातपाय धुवेपर्यंत भाकरी फुगलेली असायची. मी शाळेच्या गॅदरिंगमध्ये तोंडानं हा आवाज काढायचो. उचकीला टाळ्या पडायच्या. पुढं आयुष्यात तेवढ्या टाळ्या मला कशालाच पडल्या नाहीत.

तर, अलीकडं दादांचे कान जायला लागले. ऐंशीला टेकलेला माणूस, शहरात डॉक्टरला दाखवलं, कानात घालायचं यंत्र घेतलं. ते त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवलं. म्हणाले, "त्याच्यातून माणूस बोलला तरी पत्र्यावर खडे पडल्यागत वाजतं." डॉक्टर म्हणाला होता, जे ऐकू येतंय तेही हळूहळू जाईल. दादांनी हे फार शांतपणे ऐकलं. अर्थात, ऐकलं की नाही कोण जाणे. पण एका सकाळी चहा पिता पिता मला म्हणाले, "ते इंजिन चालू करून दे. त्याचा आवाज ऐकायचाय मला एकदा. मंग जाऊ दे कान."

मी चिकलठाण्याच्या कारखान्यात नोकरी करतो, पण इंजिनातलं मला इतकंच कळतं की ते गरम होतं. म्हणून मिस्त्री शोधला. शहरातल्या जुन्या गल्लीत त्याचं शेड, आणि हा मिस्त्री म्हणजे गळ्यात रुमाल, बोटात अंगठी, प्रत्येक नटाला शेर ऐकवणारा गृहस्थ. इंजिन साखळीनं उचलून पिकअपमधून त्याच्याकडं नेलं. त्यानं इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उघडलं, आत वाकून पाहिलं आणि मागं सरून डोक्यावर हात मारला. "क्या भाई, ये इंजन है के अचार की बरनी?"

पावसाचं पाणी आत शिरून पिस्टन जागच्या जागी मुरले होते. ते काढायला बराच घाम गेला. लाइनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग हे सगळं बाजारात मिळालं. पण क्रँक, म्हणजे पिस्टनांच्या उड्यांचं चाकांसाठी गोल फिरणं करणारा तो वाकडातिकडा जाड दांडा, गंजानं खाऊन टाकला होता. हे मॉडेल बंद पडून जमाना झाला. भंगारवाल्यांनी मला चहा पाजला, सहानुभूती दिली, क्रँक दिला नाही.

शेवटी खबर लागली, वैजापूरकडं एका शेतकऱ्याच्या गोठ्यात तसाच ट्रॅक्टर मरून पडलाय. गेलो. मालक दिलदार निघाला. "न्या की क्रँक, तसं पण मी त्याच्यावर कांदे वाळवतो." मिस्त्रीनं पाना काढला, बॉनेट उचललं, तर आत इंजिनावर कोंबडी बसलेली. पंख फुलवून तिनं आमच्याकडं असं पाहिलं की मिस्त्रीचा शेर घशातच राहिला.

मालकीणबाई धावत आल्या. "हात लावायचा नाय! अंड्यावर हाय ती."

"अहो ताई, तिला जरा पलीकडं..."

"पलीकडं? तुमच्या घरी बाळंतिणीला पलीकडं सारत्यात व्हय?"

पिल्लं निघेपर्यंत थांबलो. दादा रोज विचारायचे, "क्रँक आला का?" आणि मी त्यांच्या कानाशी ओरडायचो, "अजून उबवतोय!" ते मान हलवायचे. त्यांना वाटायचं, शहरात असली काही नवी पद्धत निघाली असेल.

पिल्लं निघाली, क्रँक आला, लेथवर घासून चकचकीत झाला, इंजिन बांधून झालं. दादांनी आपल्या हातानं सेल्फ आणून दिला. गोणपाटातून निघाला तेव्हा तो सेल्फ कमी आणि गंजाचा गोळा जास्त होता. मिस्त्रीनं शिव्या देत देत तो जिवंत केला. आणि मग म्हणाला, "पंप?"

दुसऱ्या मॉडेलचा पंप बसला असता. मिस्त्री म्हणाला, "चलेगा. मगर आवाज बदलेगा. इसकी हिचकी नै आयेगी." मी हे दादांना सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. उचकीशिवाय तो आवाजच नव्हे, हे मला आईच्या भाकरीपासून माहीत होतं.

मग मी काकाच्या घरी गेलो. काका ओट्यावर बसून गुडघ्याला तेल लावत होता. मी विषय काढला. तो गुडघाच चोळत राहिला. काकू मात्र आत गेली आणि डबा घेऊन बाहेर आली. झाकण उघडलं तर पंप तेलात बुडालेला, काल कारखान्यातून आल्यासारखा लख्ख.

काकू म्हणाली, "वर्साला तेल बदलत्यात त्याचं. माझ्या डोक्याला कधी एक बाटली आणली नाय ह्या माणसानं."

"तू गप," काका म्हणाला. मग माझ्याकडं न बघता, "पंप देतो. पर बसवीन मी. त्याचं टायमिंग दुसऱ्या कुणाला जमत नाय. त्यांना इचार, मी आलो तर चालंल का."

आता माझ्यातला नट जागा झाला. दादांकडं जाऊन मी सांगितलं, काका म्हणतो, दादा उभे असल्याशिवाय पंपाला हात लावणार नाही. दादा हुंकारले. काकाकडं येऊन सांगितलं, दादा तुझ्या गुडघ्याची फार चौकशी करत होते. काकानं गुडघ्यावर धोतर ओढलं. असे चार-पाच निरोप मी इकडून तिकडं नेले आणि वाटेत प्रत्येकाला थोडा मसाला लावला. मला अजिबात पश्चात्ताप नाही. उलट मी बरा शिजवला होता सगळा बेत.

ठरलेल्या दिवशी बांधावर आम्ही सगळे जमलो. शेंद्र्याच्या बाजूला कंपन्यांच्या निळ्या पत्र्यांची रांग दिसत होती. इंजिन धुडात परत बसवलेलं. दादा कडुलिंबाखाली खुर्चीत. काका डबा घेऊन आला आणि दादांपासून दोन हातांवर पाठ करून उभा राहिला. अबोला चालू होता. म्हणून काका मिस्त्रीला म्हणाला, "उस्ताद, त्यांना सांगा, सेल्फ गोणपाटात ठेवत नसतेत."

मिस्त्रीनं दादांना सांगितलं. दादांना ऐकू आलं नाही. "काय म्हणतो?" त्यांनी मिस्त्रीला विचारलं. मिस्त्री ओरडला. तरीही नाही. मिस्त्री वैतागला. "मैं इंजन बिठाने आया हूं, डाकखाना चलाने नै आया! खुद बोलो!"

काका वळला. दादांच्या कानाशी वाकला. इतक्या वर्षांचा अबोला असा कुजबुजत सोडायचा असतो, चार लोकांत हळूच. पण इथं कुजबुजीचा उपयोग नव्हता. त्यानं छाती भरून घेतली आणि असा ओरडला की पलीकडच्या रानात खुरपणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या.

"दादा! सेल्फ गोणपाटात ठेवत असतेत का?"

दादांनी त्याच्याकडं पाहिलं. मग तितक्याच जोरात, "अन् पंप चोरून नेत असतेत का?"

"चोरला नाय! सांभाळला!"

"व्हय, लई सांभाळला!"

"अन् माझ्या गुडघ्याची चौकशी पोराकडं करता! मलाच इचारा की!"

"तुझ्या गुडघ्याला काय झालं?"

दोघांनी एकदम माझ्याकडं पाहिलं. मी कडुलिंबाच्या फांद्यांचं निरीक्षण करायला लागलो. फांद्या चांगल्या होत्या.

काकानं पंप बसवला. खुणेला खूण जुळवली, नळीतली हवा काढली, हाताला डिझेल लागलं ते धोतराला पुसलं. मिस्त्री बाजूला उभा राहून रुमालानं मान पुसत होता. त्याला कुणीतरी आपला स्टेज पळवल्यासारखं झालं होतं. काका सीटवर चढला आणि चावी फिरवली. सेल्फ कुरकुरला, परत कुरकुरला, काळ्या धुराचा लोट निघाला आणि डुग-डुग-डुग. आणि उचकी! माझ्या अंगावर काटा आला. मी दादांकडं पाहिलं.

ते धुराकडं बघत होते. मग आमच्या तोंडांकडं. म्हणाले, "धूर दिसतोय. आवाज कुठंय?"

दादांनी खिशातून ते यंत्र काढलं, कानात घातलं, तोंड वाकडं केलं आणि काढून परत खिशात ठेवलं. खुर्चीच्या हातांवर तळवे टेकवून उठायला लागले, घरी निघाल्यासारखे.

काका सीटवरून उतरला, दुखऱ्या गुडघ्यानं जमेल तसा. मिस्त्रीच्या पेटीतून त्यानं सगळ्यात लांब स्क्रूड्रायव्हर घेतला. पूर्वीचे लोक इंजिनाचा आजार असाच शोधायचे: टोक लोखंडाला आणि मूठ कानामागच्या हाडाला. दादांना त्यानं दंडाला धरून इंजिनाजवळ आणलं, टोक हेडवर टेकवलं आणि मूठ त्यांच्या कानामागं दाबून धरली.

दादांनी डोळे मिटले. पहिल्यांदा काहीच नाही. मग त्यांचं डोकं किंचित हलायला लागलं, डुग-डुगच्या तालात, आणि उचकी आली तेव्हा ओठांचा कोपरा हलला. त्यांनी मूठ काकाच्या हातातून आपल्या हातात घेतली. टोक जरा पुढं सरकवलं. अजून पुढं. मग डोळे उघडून ओरडले, "मधला व्हॉल्व्ह टकटक करतोय!"

"नया बिठाया है चाचा!" मिस्त्री कळवळला.

"करतोय म्हणलं ना!"

"द्या हिकडं," काकानं स्क्रूड्रायव्हरकडं हात केला, "मी बघतो."

"थांब रे," दादा म्हणाले. "माझं झालं नाय अजून."

काकानं हात मागं घेतला. मग तो ॲक्सलेटरच्या दांड्यापाशी जाऊन उभा राहिला आणि दादा बोट वर करतील तशी इंजिनाची चाल वाढवत, खाली करतील तशी कमी करत राहिला.