सिंधूजिजींचा गोळ्यांचा डबा

सिंधूजिजी गोळी कधी सरळ तोंडात टाकत नसत. आधी ती उन्हात धरायची, मग हुंगायची, मग अडकित्त्याने तिचे दोन तुकडे करायचे. एक तुकडा पाण्याबरोबर घेऊन त्या ओट्यावर बसायच्या. "पोटमा काय भानगड करस ते देखू," म्हणायच्या आणि दाराशी चोर धरायला बसल्यासारखा चेहरा करायच्या. भानगड झाली नाही तरच दुसरा तुकडा संध्याकाळी.

आमची पहिली भेटही चौकशीचीच. लग्न होऊन मी बीडकडून सुरतेला, गोडादऱ्यातल्या त्या गल्लीत आले, तर या दारात उभ्या. "कोठली तू? नवरा कोन्ता खात्यामा शे? दिनपाळी का रातपाळी?" तिकडे लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. मी सगळं सांगितलं. तरी ते सगळं त्यांनी दुसऱ्या बाईकडून पडताळून घेतलं, हे मला मागून कळलं. असा राग आला होता म्हणता! पण साड्यांना टिकल्या लावायचं काम मला त्यांनीच मिळवून दिलं, आणि दुपारी आम्ही दोघी एकाच साडीच्या दोन टोकांना बसू लागलो.

संशय हा त्यांचा स्वभावच होता, आणि तो गल्लीच्या उपयोगीही पडला. कोपऱ्यावर एक डॉक्टर बसायचा. लूमवरची माणसं खाडा नको म्हणून त्याच्याकडे धावायची, 'बाटला', म्हणजे सलाईन, चढवून घ्यायची आणि कामावर परतायची. जिजी एक दिवस नुसत्याच तिथल्या बाकावर जाऊन बसल्या आणि परत येऊन गल्लीभर सांगत सुटल्या, "ताप येल माणूसले तोच बाटला, कंबर दुखस त्याले तोच, जुलाब लागनात त्याले बी तोच! हाऊ काय डॉक्टर शे का पाणीनी टाकी?" लोक आधी हसले. मग हळूहळू तिकडे जाणं कमी झालं.

एवढ्या संशयी बाईचा विश्वास मात्र एका वस्तूवर होता. जुना मसाल्याचा डबा. त्याच्या वाट्यांत हळद-तिखटाऐवजी उरलेल्या गोळ्या असत, रंगाप्रमाणे लावलेल्या. बरं वाटलं की गल्लीत कोणीही उरलेली पाकिटं फेकत नसे, जिजींकडे आणून देई. कोणाला ताप आला, घसा धरला, नुसती सर्दी झाली, तरी जिजी त्या वाट्यांतून एखादी कॅप्सूल उचलून हातावर ठेवायच्या. मी एकदा विचारलं, "जिजी, डॉक्टरची गोळी तुम्ही उन्हात धरता, मग ही कशी चालते?"

"हाई शेजारना रमेशनी खादी. रमेश जित्ता शे ना?"

मी पुन्हा टिकल्या लावू लागले.

मग त्यांना लघवीला जळजळ सुरू झाली. मीच ओढून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या मॅडम भल्या होत्या. त्यांनी नीट समजावलं, "आजी, हे औषध जंतू मारतं. पोटातले चांगले जंतूही थोडे मरतात, म्हणून पोट बिघडू शकतं. बिघडलं तर येऊन सांगा, पण आपल्या मनाने सोडू नका. अर्धवट सोडलं तर चिवट जंतू मागे उरतात आणि तेच वाढतात. आणि सर्दीला ही गोळी घ्यायची नाही, तिथे हिचा काही उपयोग नाही."

बाहेर पडताच जिजी पुटपुटल्या, "इतल्या गोया कसाले? औषधना दुकानवालानं आन् हिनं काहीतरी साटंलोटं शे." दोन दिवसांत जळजळ थांबली आणि पोट बिघडलं. झालं, पुरावाच सापडला! "बरं करानी गोयी पोट कशी बिघाडी?" उरलेल्या गोळ्या डब्यात गेल्या. मी भांडले, अबोला धरला, पण काही उपयोग झाला नाही. जळजळ परत आली की त्या डब्यातला अर्धा तुकडा घेत आणि बरं वाटलं की थांबत. असं वर्षभर चाललं.

शेवटी थंडी वाजून ताप भरला तो उतरेना. मोठ्या इस्पितळात नेलं. तपासणीत दिसलं, की नेहमीच्या गोळ्या त्या जंतूंवर आता चालतच नाहीत. जंतू मूत्रपिंडात, तिथून रक्तात पोहोचले होते. एक महागडं इंजेक्शन उरलं होतं. जिजी नर्सकडून प्रत्येक वेळी बाटली मागून घेत, उजेडात धरत आणि मगच हात पुढे करत. ती गुजराती पोरगी बिचारी "जोई लो, बा", बघून घ्या आजी, म्हणून थांबायची. पण ताप हटला नाही.

एका दुपारी त्यांची सून जेवणाचा डबा आणायला घरी गेली होती. जिजींचा श्वास जड झाला होता. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"शोभा, मन्हं काय चुकनं? मी ते गोया कमीच खाद्यात. जास्ती खाईसन माणूस मरस, कमी खाईसन कसा मरी?"

मॅडमचं सगळं बोलणं मला पाठ होतं. पण त्या चेहऱ्याकडे पाहून ते सांगायला जीभ उचलेना. मी म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही, जिजी. गोळ्याच नकली निघाल्या."

त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"खोटं बोलस तू. माले खोटं सांगं ते चालनं. मन्ही सूनले मात्र खरं सांगजो. तो गोयास्ना डबा आते तिन्हा हातमा जाई."