होयबांचा व्यायाम

ऑफिसात त्यांना सगळे ‘होयबा’ म्हणत, कारण साहेबांनी तोंड उघडायच्या आत त्यांची मान डोलायची. पन्नाशी उलटल्यावर कानातला तोल बिघडला आणि नुसती कूस बदलली तरी घर गरगरू लागलं. फिजिओथेरपीच्या बाईंनी व्यायाम दिला: अंगठ्यावर नजर रोखायची आणि मान डावी-उजवीकडे हलवत राहायचं.

जेवणाच्या सुट्टीत होयबा टेबलाशी तेच करत होते, तेवढ्यात साहेब आले.

“रविवारी याल ना कामाला?”

मान हलतच होती. साहेब चपापले. “बरं, राहू द्या. बघतो दुसरं कुणी.”

खुलासा करायला होयबा अर्धवट उठलेही, पण पुन्हा खाली बसले.

रविवारी ते घरीच होते. “सुट्टी मिळाली कशी?” बायकोने विचारलं.

“व्यायामाने,” ते म्हणाले.

चक्कर जायला मात्र आणखी बराच वेळ लागला.