तापासकट चल

डॉक्टर संध्याकाळी मुद्दाम दुसऱ्यांदा आले. अकोल्याच्या त्या दवाखान्यात राउंड सकाळी असतो, पण माझा ताप सकाळी नसायचा, म्हणून ते दिवेलागणीला आले. माझा दंड त्यांनी उजेडाकडे वळवला. दंडावर फिकट गुलाबी चट्टे उठले होते. शेजारच्या कोऱ्या कातडीवर त्यांनी पेनच्या टोपणाने हलकी रेघ ओढली आणि थांबले. थोड्या वेळाने त्या रेघेच्या जागी तसाच गुलाबी पट्टा उमटला.

"वर्षाताई, याला अ‍ॅडल्ट ऑनसेट स्टिल्स डिसीज म्हणतात," ते म्हणाले. "जंतुसंसर्ग नाही, कॅन्सर नाही, ते सगळं आपण तपासून घेतलं. आजार खरा आहे आणि त्याला औषध आहे."

पलंगाशी माझा नवरा संजय उभा होता. खुर्चीवर माझ्या मोठ्या जाऊ सुनंदाबाई बसल्या होत्या. नवऱ्याकडे बघायचं सोडून मी आधी बाईंकडे बघितलं. मनात जे आलं ते जसंच्या तसं सांगते. आता माझ्या आजारालापण नाव आहे, आणि तुमच्या आजारापेक्षा लांबलचक आहे.

आजाराचं नाव ऐकून कुणाला आनंद होतो का? मला झाला. ज्यांचे रिपोर्ट दर वेळी नॉर्मल येतात आणि अंग मात्र ठणकत राहतं, त्यांना हे कळेल. हे त्यांच्यासाठीच लिहिते आहे.

आम्ही चिखलीचे. दोघे भाऊ एका घरात, स्वयंपाक एकत्र. मी पुढच्या खोलीत मशीन टाकून ब्लाउज शिवते. बाईंना बऱ्याच वर्षांपासून रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते, सांधे सुजतात, पुढे वाकडे होतात. त्यांची बोटं करंगळीकडे झुकलेली आहेत. त्यांचा आरए फॅक्टर, म्हणजे या आजाराची रक्तातली खूण, पॉझिटिव्ह आहे, आणि ही गोष्ट आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

या आजारामुळे बाईंना काय काय मिळालं, ते मी डोळ्यांनी बघत होते. न्हाणीत गिझर आला. त्यांच्यासाठी उंच खुर्ची आली. आणि मोठे भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, रोज सकाळी परातीसमोर बसून कणीक भिजवू लागले. धोतराचा सोगा मांडीत खोचून, कोपरापर्यंत पीठ माखून. मला गिझरचा हेवा वाटला नाही, खुर्चीचा वाटला नाही. त्या परातीसमोर बसलेल्या माणसाचा मात्र वाटला, आणि तो रोज सकाळी नव्याने वाटायचा.

माझं दुखणं घशापासून सुरू झालं. घसा इतका दुखला की पाणी गिळवेना. मग मनगटं आणि गुडघे धरले. मग ताप. हा ताप विचित्र होता. दुपार कलली की थंडी वाजायची, अंग चुलीसारखं तापायचं, आणि सकाळी काहीच नाही. सकाळी मी उठून भांडी घासायची आणि घरातल्यांना वाटायचं, झालं बरं.

तापाबरोबर अंगावर चट्टे यायचे. आमच्याकडे असं काही उठलं की पित्त उठलं म्हणतात आणि वर गेरू चोळतात. बाईंनी आपल्या वाकड्या बोटांनी माझ्या पाठीवर गेरू चोळला. चोळलं तिथे चट्टे जास्त फुलले. मला वाटलं, मुद्दाम जोरात चोळतायत.

चिखलीतल्या डॉक्टरांकडे गेलो. टायफॉइड म्हणून सलाईन लावली. मग दुसऱ्या डॉक्टरांनी संधिवाताच्या तपासण्या केल्या. आरए फॅक्टर निगेटिव्ह. एएनए, म्हणजे ल्युपससारख्या आजारांत बघतात ती तपासणी, तीपण निगेटिव्ह. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तेवढ्या वाढलेल्या होत्या, त्या कशानेही वाढतात असं सांगितलं. संजयने कागद हातात घेतले, वरून खाली वाचले आणि म्हणाला, "सगळं तं नॉर्मल हाये. तू मनाले लावून घेऊन राह्यली."

दोष एकट्या त्याचा नव्हता. दवाखान्यात जायचं म्हणजे आम्ही कसे जातो? पहाटे उठून अंघोळ करायची, डोक्याला तेल लावायचं, धुतलेली साडी नेसायची. गाडीत त्रास नको म्हणून तापाची गोळी घ्यायची. पाठीवरचा गेरू साबणाने घासून काढायचा, डॉक्टर काय म्हणतील म्हणून. अशी स्वच्छ, थंड, नीटनेटकी होऊन मी डॉक्टरांसमोर बसायची आणि सांगायची की मला फार ताप येतो. कोण मानणार? मीच मानलं नसतं.

मग एका संध्याकाळी मशीनवर बाही जोडता जोडता माझी मनगटं अशी आखडली की कात्री धरवेना. मी तिथेच भिंतीला टेकून बसले. बाई दारात आल्या. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला, पदर सरकवून मान बघितली. दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या वाताच्या डॉक्टरकडे त्यांचा नंबर होता. वाताचे डॉक्टर म्हणजे रुमॅटॉलॉजिस्ट, सांध्यांचे आणि प्रतिकारशक्तीच्या अशा आजारांचे डॉक्टर.

"उद्या माह्या नंबरावर तू चल," त्या म्हणाल्या. "दुपारच्या गाडीनं जाऊ. गोळी घेऊ नोको. आंघोळ करू नोको. तापासकट चल."

उपकार वाटले नाहीत. उलट अंगाचा तिळपापड झाला. नवरा यांचा चांगला, आजार यांचा खरा, आणि आता डॉक्टरसुद्धा यांच्याकडून उसना घ्यायचा. पण गेले.

दुपारी चिखलीहून बस धरली. संजयपण आला, पण तोंड फुगवून. खामगाव सोडलं आणि मला थंडी भरली. बिनअंघोळीची, कालचीच साडी, पाठीला गेरू तसाच. लोक वळून बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी आपली शाल माझ्यावर टाकली आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

त्या दवाखान्याच्या बाकावर आमच्यासारख्याच बाया बसल्या होत्या. एकमेकींना विचारत होत्या, तुमचं पॉझिटिव्ह का, किती वर्षं झाली, कोणती गोळी चालू. बाईंना सगळ्या ओळखत होत्या. कुणी सरकून त्यांना जागा दिली. मला कुणी विचारलं तेव्हा मी निगेटिव्ह म्हणाले, आणि ती बाई म्हणाली, मग चांगलंच आहे की. तिच्या सुजलेल्या बोटांचा मला हेवा वाटला. तापात होते, तरी शुद्धीत होते. खरोखरच वाटला.

संजय पाणी आणायला गेला तेव्हा मी बाईंना बोलून गेले. म्हटलं, तुमचं बरं आहे, भाऊजी कणीक मळून देतात.

बाईंनी दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले.

"मी दोन वर्सं सांगत होती, वर्षा. त्यायनं आयकलं नाही. हाताची पार अशी गत झाली, मंग कणकीले हात लावला." त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. "तुह्ये आजून सरळ हायेत."

मी त्यांच्यासोबत एका घरात इतकी वर्षं राहिले, रोज ती परात बघितली, पण हे मला माहीत नव्हतं. हेवा लगेच गेला असं नाही, पण त्याला टेकायला जागा उरली नाही.

डॉक्टरांनी मला तापासकट, चट्ट्यांसकट, गेरूसकट बघितलं. गेरूकडे बघून ते रागावले नाहीत. कुठे चोळलं, चोळल्यावर काय झालं, एवढंच विचारलं, आणि बाईंनी मला सांगू न देता सगळं स्वतःच सांगितलं. त्याच संध्याकाळी मला भरती करून घेतलं.

पुढचे दिवस तपासण्यांचे. ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते बघणं. सीटी स्कॅन. बोन मॅरो, म्हणजे कमरेच्या हाडातून मगज काढून तपासणं. ते दुखतं, पण वाटतं तेवढं नाही. आणि फेरिटिन. हे शरीरात लोह साठवून ठेवणारं प्रथिन आहे, आणि आत जळजळ माजली की तेही वाढतं. माझं इतकं वाढलं होतं की लॅबवाल्यांनी पुन्हा रक्त मागवलं. मला अभिमान वाटला. आयुष्यात पहिल्यांदा माझा एक रिपोर्ट घरातल्या कुणाहीपेक्षा वाईट होता.

निदानाच्या दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, आजार खरा आहे तर माझे ते दोन रिपोर्ट निगेटिव्ह काऊन आले? त्यांनी स्टूल ओढलं आणि समजावून सांगितलं.

"प्रतिकारशक्तीचे दोन भाग असतात. एक जन्मजात, इनेट इम्युनिटी. गावात चोर चोर असा ओरडा झाला की हाती लागेल ते घेऊन धावणारी माणसं असतात, तशी ती. कोण आहे, कुठला आहे, विचारत नाही. दुसरी हळूहळू शिकते, अ‍ॅडाप्टिव्ह. ती चेहरा ओळखते आणि त्या चेहऱ्यासाठी नेमकं हत्यार घडवते. ते हत्यार म्हणजे अँटिबॉडी. सुनंदाबाईंच्या शरीरात आपल्याच माणसांवर घडवलेली हत्यारं आहेत, ती रक्तात सापडतात. तुमच्याकडे मुख्यतः पहिलीच फळी चोर नसताना धावत सुटली आहे. तिची अशी हत्यारं नसतात, मग त्या तपासणीत दिसणार काय?"

या पेशी इंटरल्यूकिन नावाचे रासायनिक निरोप सोडतात आणि त्या निरोपांनी ताप चढतो, सांधे सुजतात, चट्टे येतात, असंही ते म्हणाले. बाईंनी विचारलं, मग माझ्यात ती पहिली फळी नाही का? डॉक्टर म्हणाले, तुमच्यातही आहे, सांध्यातली आग पेटती ठेवायला तीही लागते. बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, जणू घरातलं एखादं काम दोघींत वाटून मिळालं होतं.

संजय दाराशी उभा राहून सगळं ऐकत होता. डॉक्टर गेल्यावर तो म्हणाला, "म्हंजे खरंच होतं." मी त्याला उत्तर दिलं नाही. पुष्कळ दिवस दिलं नाही.

स्टिरॉइड सुरू झालं आणि काही दिवसांत ताप यायचा थांबला. संध्याकाळ झाली की मी सवयीने पांघरूण ओढून वाट बघायची, आणि तो यायचा नाही. स्टिरॉइडने चेहरा गरगरीत झाला. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, तब्येत सुधारली तुझी. डॉक्टरांनी बजावलं होतं की ही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, ते सांगतील तशी उतरवायची. सोबत मेथोट्रेक्सेट दिलं, प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. तुम्हाला दिलं तर हे नीट विचारून घ्या, कारण चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. हा आजार बिघडून कधी जिवावरही उठतो, म्हणून दाखवायला जाणं चुकवायचं नाही.

आणि दुखणं ज्या वेळी असेल त्या वेळी जा. त्या वेळी नाहीच जमलं तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तेल लावून, नटून जाऊ नका. दवाखाना म्हणजे लग्नघर नाही.

संजय आता कणीक मळतो. पाणी जास्त घालतो, मग पीठ घालतो, मग पुन्हा पाणी, आणि घरात दोन दिवसांच्या पोळ्यांची कणीक होते. मी बघत बसते. मदत करत नाही.

उन्हाळ्यात आमच्याकडे कुरडयांचा घाट घातला. भिजवलेल्या गव्हाचा चीक पहाटे शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यात भरून गच्चीवर कापडावर पाडायचा. त्याला मनगटात जोर लागतो. बाईंनी बऱ्याच वर्षांपूर्वी सोऱ्या सोडला. गेल्या वर्षी मीही सोडला होता. यंदा मी मूठ धरली, फिरवली, आणि चीक सरसर खाली आला. एक कुरडई, मग दुसरी. मनगट दुखलं नाही. मी ओळ धरून पुढे सरकत गेले.

मागे बघितलं तर बाई उंच खुर्चीवर बसून बघत होत्या. कुरडयांकडे नाही, माझ्या हातांकडे. ती नजर मला ओळखता आली. मी स्वतः ती रोज सकाळी त्या परातीकडे बघताना वापरली होती.

मी सोऱ्या खाली ठेवला. लपवावेत की काय असं वाटून हात पदरात घेतले.

"काऊन लपवते?" बाई म्हणाल्या. "आन इकडं."

मी जवळ गेले. त्यांनी माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि एकेक बोट चाचपून बघितलं. चीक त्यांच्या बोटांना लागला.

"मले हेवा वाटून राह्यला तुह्या," त्या म्हणाल्या.

"वाटू द्या, बाई," मी म्हटलं. "मले बी लय वाटे."

मग मी त्यांची खुर्ची कापडाजवळ ओढली. चीक थंड व्हायच्या आत पाडायचा होता. बाईंनी वाकून दोन्ही तळव्यांत सोऱ्या दाबून धरला आणि मी मूठ फिरवली.