मंडईला कोण जाणार

तुपात अनारसे सोडले की त्या वासासरशी मला मंडईचा तो वाद आठवतो. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे नाटक-तमाशांची जत्रा, भरते आणि लेकी माहेरी जातात. त्या साली कोंढ्याची, म्हणजे धाकट्या जावेच्या माहेरची, आणि माझ्या माहेरची, अड्याळची मंडई एकाच दिवशी आली. धान कापणीला बाया लागल्या होत्या, त्यामुळे घरी एक सून हवीच होती. मागच्या साली ती गेली होती, तेव्हा यंदा पाळी माझी, एवढंच मी सासऱ्यांना म्हटलं. जाऊ लगेच डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "मामाजी, तुमच्यावानी समजदार माणूस गावात नाही. साऱ्याइच्या सुना जाऊन राहिल्या. मी नाही गेली त माय जेवाची नाही." मी शाळेत शिकवते. आधी खुशामत, मग सगळे करतात म्हणून, शेवटी रडणं. यात मुद्दा एकही नाही, हे मी तिथल्या तिथे दाखवून दिलं. सासरे तंबाखू मळत शांतपणे म्हणाले, "तुयं बराबर आहे बाई. पण अड्याळले तुयी वाट पाहाले कोन आहे आता?" याचाही पाळीशी काही संबंध नव्हता, हे मला कळत होतं. पण आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी उठून कापणीच्या बायांचा चहा ठेवायला आत गेले. जाऊ गेली, आणि येताना मायच्या हातचे अनारसे घेऊन आली. आता ते मीच करते. परवा एक तोंडात टाकून ती म्हणाली, "ताई, अगदी मायसारखे झाले, सांगतोच तिले," आणि तिनं फोन लावला. पलीकडून थकल्या आवाजातलं "बोल बेटा" मला चुलीपाशी ऐकू आलं, आणि इतक्या वर्षांनीही मी तिच्यावर तेवढीच जळले.