धाकट्याची अंघोळ

माझी नात इथं इंदूरला भंवरकुआंजवळ चित्रकलेच्या क्लासला जाते. एक जानेवारीला तिनं जाहीर केलं, की यंदा वर्ष संपायच्या आत ती आमच्या घरातल्या प्रत्येक माणसाचं चित्र काढणार, गेलेल्यांचंसुद्धा, आणि मग त्यांचं प्रदर्शन भरवणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. नव्या वर्षाला कुणी असा मोठा बेत बोलून दाखवला की मला ओल्या तरटाचा वास येतो. आमच्या घरात असा संकल्प एकदाच झाला आणि तो आम्हां तिघांना पुरून उरला.

मध्यभारत राज्याचे दिवस होते. मी दहा-अकरा वर्षांची असेन. छत्रीबागेत आमच्या दोन खोल्या आणि मागे पडवी. बाबा संस्थानच्या नोकरीत मूर्तिकाम करायचे. संस्थान गेलं तसं ते कामही गेलं आणि त्यांना नव्या सरकारच्या दफ्तरात कारकून म्हणून बसवलं. बरं, दफ्तर तरी एका जागी असावं! राजधानी उन्हाळ्यात इंदूरला आणि थंडीत ग्वाल्हेरला. दोन्ही शहरांचा मान राखायचा म्हणून कारकुनांनी विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडायचं. बायकामुलं मागे राहायची, तशी आम्हीही इंदूरलाच राहायचो.

ज्या पाडव्याला तो संकल्प झाला, त्याआधीच्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ मुदतीच्या तापानं गेला. नुकतंच सहावं लागलं होतं त्याला. आई त्याच्या कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायची आणि तो म्हणायचा, "आई, गार नको." डॉक्टरांनी गारच सांगितलं होतं, म्हणून आई गारच ठेवत राहिली. त्याचं शेवटचं बोलणं तेच. त्याचा एकही फोटो नव्हता, शाळेत घालू तेव्हा काढू असं ठरलं होतं. त्यानंतर आईनं बोलणंच टाकलं. स्वयंपाक व्हायचा, मग ती भिंतीकडे तोंड करून बसायची; केसांना तेल नाही, जेवणावर वासना नाही. मी शाळेतून आले काय आणि न आले काय, तिला सारखंच.

मग पाडवा आला. गुढी उभी केली, कडुनिंब खाल्ला, मी पाटीवर सरस्वती काढून पूजा केली. फळीवर धाकट्यासाठी आणून ठेवलेली दुसरी पाटी होती, तिच्यावर एक रेघसुद्धा उमटली नव्हती. बाबांनी ती खाली काढली आणि म्हणाले, "पुढच्या पाडव्याला तो ही पाटी मांडीवर घेऊन बसलेला असेल. होता तेवढीच मूर्ती करणार त्याची. मुंबईच्या प्रदर्शनात पाठवणार मी त्याला."

दफ्तरातले त्यांचे एक मित्र पुरी-श्रीखंडाला आले होते. ते म्हणाले, "क्या बात है भिया! म्हणजे यंदा बंबई गाजवणार तुम्ही. आणि बडे बाबूंच्या फायली कोण उपसणार, मी?"

बाबा हसले नाहीत. "आजवर वीतभर गणपती केले," ते म्हणाले. "आता वीतभर काही करायचं नाही."

आई पुऱ्या लाटत होती. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून पुरं वाक्य निघालं, ते असं: "एकदा माती झाली माझ्या पोराची. आता दुसऱ्यांदा करा."

मुहूर्त साधायचा म्हणून बाबांनी त्याच संध्याकाळी माती आणवली. पडवीत लाकडाचा खुंट ठोकला, त्याला तारा बांधल्या, आणि रोज सकाळी दफ्तराआधी नि संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत तिथंच. पावसाळ्यात अंग झालं, गणपतीपर्यंत मांडी घातलेले पाय झाले, आणि दसऱ्याच्या सुमाराला चेहरा आला. मी शेजारी गृहपाठ करत बसायची. एक दिवस माझी वही सरकवायला जागा नव्हती तर मी मान वर न करताच म्हणाले, "सरक ना जरा." मग माझं मलाच कळलं आणि मी रडले. बाबांना मात्र त्या दिवशी जेवण गोड लागलं.

फक्त हात राहिले होते, एक पाटी धरणारा आणि एक लिहिणारा. मित्र सांगत होते, की आहे तसा साचा काढून घ्या, प्लास्टर ओता, माती काय आज आहे उद्या नाही. बाबा ऐकेनात. "बोटं मेलेली दिसतायत," म्हणाले. "मेलेली बोटं मी बघितलीत त्याची. ती नकोत मला." इथंच त्यांची हाव त्यांना नडली असं मला वाटतं. ज्याला मुंबई गाजवायची असते त्याला बोटंसुद्धा जिवंत लागतात.

तेवढ्यात ग्वाल्हेरला निघायचा हुकूम आला. जायच्या आदल्या दिवशी बाबांनी आम्हां दोघींना पडवीत उभं केलं. माती वाळली तर तडकेल, म्हणून फडकी भिजवून घट्ट पिळायची, मूर्तीला गुंडाळायची आणि वरून ओलं तरट टाकायचं. "ओली ठेवायची, पण भिजवायची नाही. पाणी ओतायचं नाही. समजलं?" मी समजलं म्हणाले. आई पाठ करून उभी होती. इतक्या महिन्यांत तिनं एकदाही त्या चेहऱ्याकडे बघितलं नव्हतं.

सुरुवातीला ते काम मीच केलं. दिवाळीला बाबांना रजा मिळाली नाही. नरकचतुर्दशीला आईनं मला पहाटे उठवलं, तेल-उटणं लावून न्हाऊ घातलं, सगळं मुकाट्यानं. माझं झालं तरी घंगाळात ऊन पाणी उरलं होतं. आई त्या पाण्याकडे बघत बसली. मग तिनं घंगाळ उचललं आणि पडवीत गेली. मी ओल्या केसांनी मागोमाग गेले. तिनं तरट काढलं, फडकी सोडली आणि त्याला पहिल्यांदा बघितलं. मला वाटलं आता ही किंचाळेल. ती किंचाळली नाही. "किती गार पडलाय," म्हणाली, आणि तांब्यानं त्याच्या डोक्यावर पाणी घालायला लागली.

"आई, बाबांनी नको सांगितलंय! असं पानी टाकलं तर सगळं गळून जाईल ना!"

"तू चूप बस. दिवाळीची अंघोळ राहिली तर लेकराची?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच. चुलीवर पाणी तापवायचं, हात घालून बघायचं, पदरानं त्याचं तोंड पुसायचं, मग नीट फडकी गुंडाळायची. आणि आई बोलायला लागली. आधी त्याच्याशी, मग माझ्याशी, मग शेजारणीशीही. तिनं केस विंचरले. मला संक्रांतीला काळं परकर-पोलकं शिवलं, तिळाच्या वड्या केल्या. मला आईचा संताप यायचा आणि माझी आई मला परत मिळाली म्हणून पोटातून आनंदही व्हायचा. दोन्ही एकाच वेळी. बाबांना कळवायला हवं हे मला कळत होतं. पण कळवलं असतं तर आई पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसली असती, आणि त्या भिंतीची मला मूर्तीपेक्षा जास्त भीती होती.

थंडीत नाकाचा शेंडा गेला. मी म्हटलं, "आई, नाक बघ त्याचं." ती म्हणाली, "लहान मुलांची नाकं बसकीच असतात." मग ओठांच्या कडा गेल्या, पापण्या गेल्या, गाल पसरट झाले. आई म्हणाली, "बघ, जरा अंग धरलंय आता." कान सगळ्यांत शेवटपर्यंत टिकले होते, दिवसागणिक बारीक होत.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी बाबा आले. सोबत प्लास्टरचं पोतं होतं, ग्वाल्हेरहून गाडीत स्वतः सांभाळत आणलेलं. चेहऱ्यावर कधी नव्हे तो तजेला. चहासुद्धा न घेता म्हणाले, "बोटं सापडली मला. तिकडे रोज रात्री मातीत करून बघायचो. चार दिवसांत हात करतो आणि साचा काढतो." मी त्यांच्या मागे पडवीत गेले.

त्यांनी तरट काढलं. फडकी सोडली. आत एक गुळगुळीत गोळा मांडी घालून बसला होता. बाबांनी अंगठा पुढे केला, नाक असायला हवं होतं तिथं नेला, आणि अंगठा तसाच हवेत राहिला.

तेवढ्यात आई घंगाळ घेऊन आली. केस विंचरलेले, कपाळाला ठसठशीत कुंकू. तिला काही बिघडल्याचं वाटतच नव्हतं. "अहो, जरा बाजूला व्हा," ती म्हणाली. "आधी त्याची अंघोळ होऊ दे, मग काय ते करा."

बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. जाताना जिला भिंतीकडे तोंड करून बसलेली सोडून गेले होते, ती बायको त्यांना अशी उभी दिसत होती. मला वाटलं आता भडका उडणार. ते बाजूला झाले. खालच्या आवाजात म्हणाले, "पाणी फार कढत नाही ना?"

"बघा हात घालून."

त्यांनी हात घातला. "ठीक आहे," म्हणाले, आणि तांब्या त्यांनीच भरून तिच्या हातात दिला.

दुपारी ते पायरीवर बसले होते. मी म्हटलं, "बाबा, पुन्हा करा ना. माती आहे, प्लास्टर पण आहे." ते म्हणाले, "चेहरा नाही आता माझ्याकडे. तिथं उतरवला आणि निर्धास्त झालो. रात्री डोळे मिटले की मला बोटंच दिसतात." त्यानंतर त्यांनी कुठल्याच पाडव्याला काही ठरवलं नाही. मित्रांनी चिडवलं, "काय भिया, बंबईचं काय झालं?" तर हसून श्रीखंड पुढे करायचे. ते प्लास्टर पोत्यातच पावसाळी हवा लागून दगड झालं. आम्ही त्याच्यावर कपडे धुवायचो.

आईनं आणखी वर्षभर त्याला न्हाऊ घातलं. पाठीतून खुंटाचं लाकूड दिसायला लागलं होतं. मग पुढच्या पाडव्याला तिनं पाणीच तापवलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आठवं सरत आलं त्याचं, मुंजीचं वय. आता आपल्या हातानं करू दे अंघोळ." आणि पुरणाला लागली. त्या संध्याकाळी बाबांनी ती माती तरटात बांधली आणि खान नदीवर नेली. परत आल्यावर त्यांनी तरट धुऊन दांडीवर वाळत घातलं.

परवा नात कागद-पेन्सिल घेऊन माझ्यापुढे बसली. सगळ्यांची चित्रं होत आली होती, एक चौकट रिकामी होती. "आजी, बस थोडंसंच सांग ना. नाक कसं होतं मामाआजोबांचं? डोळे? काहीतरी तर याद असेल!"

मी डोळे मिटले. खूप खोल गेले. मग म्हणाले, कान लहान होते.

ती लगेच काढायला लागली. पण ते कान त्याचेच तेवढे होते, की आईनं धुऊन धुऊन तेवढे केले होते, हे मला सांगता येत नव्हतं.